सेकंड हँड सीओटू सिलिंडर स्वस्तात मिळतोय? आधी त्याच्या खांद्याचा फोटो मागवा

घरी बिअर बनवण्याचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. बादली, हॉप्स, ग्लासातला फेस, सगळं छान दिसतं. कोपऱ्यात उभा असलेला सीओटूचा सिलिंडर मात्र कुणी नीट दाखवत नाही, आणि अमेरिकेत हा छंद करणाऱ्यांचं घोडं तिथेच पेंड खातं.

तिथे हा छंद कायदेशीर आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर गेला, आणि २०१३ मध्ये मिसिसिपी आणि अलाबामा या उरलेल्या दोन राज्यांनीही परवानगी दिली. (आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, तेव्हा लगेच बादली आणायला पळू नका.) बिअर बाटल्यांऐवजी पिंपात, म्हणजे केगमध्ये भरायची तर सीओटू लागतो. त्यासाठी बहुतेक जण ५ पाउंडांचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर घेतात. ऑनलाइन जुना स्वस्तात मिळतो. तो घेऊन दुकानात गेलं की दुकानदार वरचा शिक्का बघतो आणि सरळ सांगतो, ‘भरता येणार नाही.’

यात त्याचा आडमुठेपणा नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या, म्हणजे डीओटीच्या नियमानुसार असा सिलिंडर साधारणपणे दर ५ वर्षांनी तपासून घ्यावा लागतो. मुदत संपलेला सिलिंडर भरला तर नियम मोडतो तो भरणारा. गंमत म्हणजे, मुदत संपायच्या आधी भरलेला सिलिंडर रिकामा होईपर्यंत वापरायला हरकत नसते. फक्त पुन्हा भरता येत नाही. म्हणूनच विकणारा ‘माझ्याकडे मस्त चालतोय’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही!

ही तपासणी म्हणजे हायड्रोस्टॅटिक टेस्ट. सिलिंडर पाण्याने भरतात, पाण्याच्याच टाकीत बुडवतात आणि आत दाब वाढवतात. १,८०० पीएसआयच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला ३,००० पीएसआयपर्यंत. दाबाने तो किंचित फुगतो. दाब काढल्यावर पूर्ववत व्हायला हवा. एकूण फुगण्यापैकी १० टक्क्यांहून जास्त फुगवटा कायमचा राहिला, तर सिलिंडर बाद. पाणी वापरायचं कारण साधं आहे. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडर फाटलाच तरी गॅससारखा स्फोट होत नाही. पास झाला की खांद्यावर महिना, वर्ष आणि तपासणाऱ्याचा ओळख क्रमांक ठोकतात.

म्हणून पैसे देण्याआधी खांद्याचा जवळून फोटो मागवा. फ्लॅश तिरका पडला की ठोकलेली अक्षरं उठून दिसतात. ‘डीओटी-३एएल’सारखी मान्यतेची खूण आहे का आणि शेवटची तारीख कधीची आहे, हे आधी बघा. मान्यतेची खूणच नसलेला, परदेशी साइटवरचा चकचकीत सिलिंडर तिथे शोभेची वस्तू आहे. टेस्टचा खर्च बऱ्याचदा एका रिफिलपेक्षा जास्त येतो, तोही सौद्यात धरा.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. रिकामा द्या, भरलेला घ्या, टेस्टची कटकट दुकानाची. मोबदल्यात तुमचा नवाकोरा सिलिंडर जातो आणि पोचे आलेला घरी येतो. दर वर्षी खोली बदलणाऱ्या विद्यार्थ्याला माझ्या मते हेच परवडतं. फक्त घेतानाच्या सिलिंडरवरची तारीखही वाचा. नाहीतर पुढे स्वतःचा भरून घ्यायला गेलात की टेस्टचा भुर्दंड तुमच्यावर.

आता आत किती गॅस उरलाय? गेज बघून कळत नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये सीओटू बराचसा द्रवरूप असतो, आणि थोडा तरी द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तसाच राहतो, २० अंशांना साधारण ८३० पीएसआय. काटा खाली येतो तेव्हा संपतच आलेलं असतं. त्यामुळे तो वजनावर भरतात आणि वजनावरच मोजतात. रिकाम्याचं वजन ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे कोरलेलं असतं. शिवाय ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहूच शकत नाही. तिथून पुढे दाब झपाट्याने चढतो, म्हणून उन्हातल्या गाडीत सिलिंडर ठेवणं वाईट, आणि जास्त भरलेला तर फारच वाईट. व्हॉल्व्हवरची सुरक्षा चकती फुटून सगळा गॅस बाहेर येतो. बंद गाडीत किंवा छोट्या खोलीत त्याने गुदमरायला होतं.

भारतात सिलिंडरचे नियम बघणारी संस्था म्हणजे पेसो, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सध्याचे गॅस सिलिंडर नियम २०१६ चे. आणि असा शिक्का तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. एलपीजी सिलिंडरच्या हँडलखालच्या तीन पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी-२७’ असेल तर पुढची टेस्ट सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली दिसली, तर डिलिव्हरीवाल्या दादांना दारातूनच दुसरा सिलिंडर मागा.