बोन्साय: दिवाणखान्यात की गॅलरीत?

मैत्रिणींनो, वाढदिवसाला, वास्तुशांतीला किंवा निवृत्तीच्या समारंभाला बोन्साय भेट देण्याची हल्ली पद्धतच पडली आहे. भेट मोठी देखणी! पण झाड घरात आलं की पहिला प्रश्न, ठेवायचं कुठं? ‘ह्यांना’ वाटतं, एवढं महागाचं झाड चार लोकांच्या नजरेला पडायला हवं, म्हणून टीव्हीशेजारी. मुलांना ते अभ्यासाच्या टेबलावर हवं असतं. पाणी घालायचं काम कुणाकडे, हे काही सांगायला नको! आणि महिन्या-दीड महिन्यानं पानं गळू लागली की ‘तुझं लक्ष नव्हतं’ हेही आपणच ऐकायचं. तेव्हा जागेचा निर्णय पहिल्याच दिवशी आणि आपणच घ्यावा, हे बरं.

त्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे. उथळ कुंडीत, छाटून, मुळं कापून लहान राखलेला तो वडच असतो, उंबरच असतो. उंची कमी झाली म्हणून त्याची उन्हाची गरज काही मनीप्लांटसारखी होत नाही. ही कला नावारूपाला आणणाऱ्या जपानात बोन्साय बाहेर, उघड्यावरच वाढवतात. पाहुणे येणार असले, सणवार असला, की तेवढ्यापुरतं ते आत आणून सजावटीच्या कोनाड्यात मांडतात आणि मग परत बाहेर! कुंडीतलं झाड बाहेर किती टिकेल, ही शंका असेल तर हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं पाईनचं बोन्साय आठवा. १६२५ पासून कुंडीत वाढलेलं हे झाड १९४५ च्या अणुबॉम्बमधूनही वाचलं. १९७६ साली ते अमेरिकेला भेट दिलं गेलं आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

आता आपल्याकडच्या झाडांचं पाहू. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल यांची जागा गच्चीत किंवा गॅलरीतच. ऊन नसेल तर बोगनवेल फुलणारच नाही. गॅलरी नसेल, तर फायकस किंवा जेड घ्यावं. ही दोन्ही खिडकीत जगतात. पण अगदी खिडकीला लागून, खोलीच्या मधोमध नव्हे. आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवावी, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही. ग्रिलमध्ये ठेवणार असाल, तर कुंडी तारेनं पक्की बांधा. खाली माणसं जात-येत असतात!

जुनिपर मात्र विचार करूनच घ्या. ते थंड हवेचं झाड. हिवाळ्यात त्याला थंडीतली विश्रांती लागते आणि घरात तर ते मुळीच टिकत नाही. शिवाय मेल्यावरही त्याची पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात, त्यामुळे आपल्याला पत्ता लागतो तोवर उशीर झालेला असतो.

खोलीत उजेड पुरेसा आहे की नाही, हे डोळ्यांना नीट कळत नाही. सोपी परीक्षा अशी: भर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली ठळक, कडा स्पष्ट असेल तर जागा चांगली. सावली पुसटशीच असेल, तर तिथं बोन्साय ठेवू नका.

बाहेर ठेवायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही हं! उथळ कुंडी एप्रिल-मेमध्ये तव्यासारखी तापते. अशा वेळी सकाळचं ऊन द्यावं आणि साधारण अकरा ते चार सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली ठेवावं. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाका, भोकं बुजली नाहीत ना ते पाहा. पाणी साचलं की मुळं कुजलीच म्हणून समजा.

‘रोज एक वाटी पाणी’ असा हिशेबही धरू नका. मातीत बोट खुपसून पाहा. वरचा थर सुकू लागला असेल तर भोकांतून निथळेपर्यंत पाणी घाला. उन्हाळ्यात बाहेरच्या झाडाला दिवसातून दोनदा लागेल, खिडकीतल्याला एक दिवसाआडही पुरेल. जेडला तर त्याहून कमी.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी शोकेसवर ठेवलेल्या फायकसच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्या टाकायलाच निघाल्या होत्या. फांदीची साल नखानं जराशी खरवडून पाहिली, तर आत हिरवी! मग झाड गॅलरीत नेलं, पण एकदम उन्हात नाही. आधी चार दिवस सावली, मग सकाळचं तासभर ऊन, असं पंधरा दिवसांत वाढवत नेलं. एकदम कडक उन्हात ठेवलं असतं तर उरलीसुरली पानंही करपली असती. महिन्याभरात कोंब दिसू लागले. जागा बदलल्यावर फायकस काही पानं टाकतोच, त्याला घाबरायचं नाही आणि पुन्हा पुन्हा जागाही बदलायची नाही.

मग ‘ह्यांची’ हौस? तीही पुरवता येते. पाहुणे यायचे असतील तेव्हा शनिवारी संध्याकाळी झाड पुसून दिवाणखान्यात आणा, खाली छानशी थाळी ठेवा, सगळ्यांना कौतुक करू द्या. सोमवारी सकाळी डबे भरून झाले की परत गॅलरीत! पंख्याखाली आणि ए.सी.च्या झोतात तेवढं ठेवू नका. आणि उचलून ने-आण करायचं काम? ज्यांची हौस, त्यांच्याकडेच सोपवा.