नावातच 'सर्व्हिस', घ्या!

प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलवर एकच वाद. 'प्रॉडक्ट' कंपनीत लागला तो हिरो, 'सर्व्हिस'मध्ये गेला तो बिचारा. मित्रांनो, मला हे अजिबात पटत नाही.

आपल्या डीएसपी लॅबच्या किटवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप आहे. ही कंपनी जन्मली कुठून? तेल शोधणाऱ्यांना सर्व्हिस देण्यातून! १९३० साली कार्चर आणि मॅकडर्मॉट यांनी अमेरिकेत 'जिओफिजिकल सर्व्हिस' काढली. विकायची ती माहिती. जमिनीत सुरुंग उडवायचा, लहरी खालच्या खडकांच्या थरांवर आपटून वर येतात, त्या जिओफोननं टिपायच्या. परत यायला लागलेला वेळ आणि खडकातला वेग यांवरून थर किती खोल ते कळतं. दरीत हाक मारल्यासारखंच, फक्त कान जमिनीला. (मराठीत याला भूकंपलहरी म्हणतात म्हणे. आम्ही कॉन्व्हेंटवाले सेस्मिकच म्हणणार.) तेल खरंच आहे का, ते ड्रिलिंग केल्यावरच समजतं. कंपनी एवढंच सांगते, इथे थर घुमटासारखा वर आलाय, बघा.

नकाशा दिला, बिल लावलं, विषय संपला, असं त्यांना करता आलं असतं. पण खालून येणारा सिग्नल एवढासा आणि नॉइज ढीगभर, त्यामुळे उपकरणं चांगली असणं ही धंद्याचीच गरज होती. दुसऱ्या महायुद्धात हेच कसब पाणबुड्या शोधायला कामी आलं. १९५१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स हे नाव आलं, १९५८ मध्ये तिथेच जॅक किल्बीनं आयसी करून दाखवली. बंगलोरला ही कंपनी १९८५ मध्येच आली.

तेव्हा सर्व्हिस या शिक्क्यात कमीपणा कसला? कमीपणा आहे तो क्लाएंटचा प्रॉब्लेम न समजता नुसतं काम उरकण्यात. पॅकेजचं काय, असं सीनियर विचारतील. डोक्यावर एज्युकेशन लोन असेल तर पॅकेज बघावंच, तिथे मी शहाणपणा शिकवणार नाही. पण इंटरव्ह्यूमध्ये एवढं तरी विचारा, की आमचं काम क्लाएंट नेमकं कशासाठी वापरतो, हे फ्रेशरला सांगता का?

आणि सरांना एक विनंती. प्रॅक्टिकलला साइन वेव्ह किती वर्षं फिल्टर करायची? नॉर्वेच्या इक्विनॉरनं व्होल्वे या बंद झालेल्या तेलक्षेत्राचा डेटा, सेस्मिकसकट, २०१८ मध्ये अभ्यासासाठी खुला केलाय. पुढच्या टर्मला एक प्रॅक्टिकल त्यावर ठेवता येईल. फाइल्स प्रचंड मोठ्या आहेत, पण कॉम्प्युटर लॅब रात्री उघडी ठेवलीत तर डाउनलोडचं आम्ही हॉस्टेलवाले बघू.