पाच वॉटांची मिशी

वॉकीटॉकी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलोमीटर जातो?" दुसरा: "किती वॉटचा?" तो वापरणार कुठे, बोलणार कोणाशी, मध्ये डोंगर आहे की बारा मजली इमारत, परवाना लागतो की नाही, यांतलं काहीही त्याच्या तोंडून येत नाही. दुकानदारही आपण होऊन विषय काढत नाही, कारण तो निघाला तर गल्ल्यावरचा निम्मा माल त्याला परत कपाटात ठेवावा लागेल. "साहेब, पाच वॉट आहे, दहा किलोमीटर डोळे झाकून," असं तो म्हणतो आणि साहेब खरोखरच डोळे झाकतात.

गेली काही वर्षं ट्रेकचे ग्रुप, बुलेटवाले, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, लग्नात केटररच्या मागे धावणारे मॅनेजर, सोसायटीचे सेक्रेटरी अशा सगळ्यांच्या कमरेला हा काळा ठोकळा लटकलेला मी पाहतो आहे. ठोकळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या निवडीबद्दल. मोबाइल घेताना आठवडाभर तुलना करत बसणारी, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं इथे मात्र खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून पैसे मोजतात. वॉट ही या मंडळींची मिशी आहे. जितकी लांब तितका पुरुषार्थ, आणि कामाच्या वेळी उपयोग तितकाच.

आधी किलोमीटरांचा सोक्षमोक्ष लावू. या संचांच्या लहरी प्रकाशासारख्या जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट, मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर दोन माणसं छातीशी संच धरून उभी राहिली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे हिशोब जेमतेम १० किलोमीटरवर संपतो. मग संच अर्ध्या वॉटचा असो की पाचाचा. उलट तुम्ही १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर असाल आणि समोरचा माणूस दुसऱ्या उघड्या शिखरावर असेल, तर अर्ध्या वॉटचं खेळणं शंभर किलोमीटरही मारून नेतं. खोक्यावर छापलेला आकडा असाच कुठल्या तरी आदर्श डोंगरावरून आणलेला असतो. तुमच्या पार्किंगपासून क्लबहाउसपर्यंतच्या काँक्रीटचा त्यात विचार नसतो.

राजगडाचंच घ्या. एक जण सुवेळा माचीवर, दुसरा संजीवनीवर, आणि मध्ये बालेकिल्ल्याचा अख्खा कातळ. अर्ध्या वॉटचे पाच वॉट केले की सिग्नल १० डेसिबलनं वाढतो. मोकळ्या आकाशात त्यानं अंतर सुमारे तिप्पट होईल. कातळाआड मात्र शून्याची तिप्पट शून्यच. तिथे उपाय आहे, आणि तो फुकट आहे: तिसऱ्या माणसाला बालेकिल्ल्यावर अशा जागी बसवा की त्याला दोन्ही माच्या दिसतील, आणि त्यानं निरोप इकडून तिकडे पोचवायचे. पण हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात. त्यांना माणूस बसवायचा नसतो, वस्तू घ्यायची असते.

आता कायदा. इथे आपल्याकडचं अज्ञान इतकं आनंदी आहे की त्यात व्यत्यय आणायला जीवावर येतं.

भारतात बिनतारी संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, हे तत्त्व १९३३ च्या कायद्यापासून चालत आलं आहे. त्याला ज्या मोजक्या सवलती आहेत त्यांतली सामान्य माणसाच्या उपयोगाची एक म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा चिमुकला पट्टा. २०१८ च्या नियमांनी तो कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला. शक्तीची मर्यादा अर्धा वॉट. शिवाय परवाना नको म्हणजे काहीच नको असंही नाही. त्या मॉडेलला केंद्राच्या दूरसंचार खात्याची, म्हणजे त्यातल्या डब्ल्यूपीसी या शाखेची, उपकरण-मंजुरी असावी लागते. 'ईटीए' या तीन अक्षरांनी ती ओळखली जाते. खरेदी करताना विचारायचा पहिला प्रश्न हा: "ईटीए आहे का, दाखवा." हा प्रश्न मी दुकानात विचारतो तेव्हा काउंटरपलीकडचा माणूस माझ्याकडे मी आयकराच्या धाडीवर आल्यासारखा बघतो.

कारण तिथे रांगेनं मांडलेलं असतं ते काय? चार-पाच वॉटचे चिनी संच. त्यांतला सर्वांत लाडका बाओफेंगचा यूव्ही-५आर. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० च्या वरचा भला मोठा पट्टा, दोन्हींवर तो बोलतो. वर टॉर्च आहे, एफएम रेडिओही आहे. यंत्र म्हणून वाईट नाही, किमतीच्या मानानं तर कमालच आहे. परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या हातात ते शोभतं. पण बटणं दाबून कुठलाही आकडा भरला की तो मुकाट्यानं तिथे प्रक्षेपण करतो. त्या पट्ट्यात १५६.८ मेगाहर्ट्झ हा आकडाही येतो. जहाजं आणि बोटी संकटात मदत मागायला जो चॅनल १६ वापरतात, तो हा. अलिबागच्या रिसॉर्टमध्ये ऑफिसच्या सहलीवर "चहा कुठपर्यंत आला?" असं विचारणाऱ्याला आपण कुणाच्या जिवाच्या वाटेत उभे आहोत याची कल्पना नसते. ती संचानंही दिलेली नसते.

सोसायट्यांचा आणि मंडळांचा आवडता बीएफ-८८८एस त्याहून बेरकी. त्याला पडदाच नाही. १६ चॅनलची एक खुंटी, फिरवा आणि बोला. आपण नेमके कुठे बोलतो आहोत हे कळायची सोय नाही. कारखान्यातून भरून आलेल्या त्या फ्रिक्वेन्सींचा भारतात मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याशी बहुधा काडीचा संबंध नसतो. सेक्रेटरींना हे सांगून पाहा. "अहो, सगळेच वापरतात," हे उत्तर तयार असतं. सिग्नल तोडतानाही हेच उत्तर असतं.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीच्या १३ मंचांना नोटिसा धाडल्या. परवाना लागतो की नाही, मंजुरी आहे की नाही, हे न सांगता वॉकीटॉकी विकले जात होते म्हणून. पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वंही आली. म्हणजे हे संच कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरपोच होत होते आणि सरकारला जाग आली ती आत्ता! सरकारच्या झोपेबद्दल वेगळा लेख लिहीन. पण त्या झोपेत ग्राहकानं घातलेली अंगाई विसरता येणार नाही. आणि हा सगळा कागदी बाऊ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावल्यावर आँग सान सू ची यांना अडकवायला जो पहिला आरोप शोधला, तो बेकायदा आणलेल्या वॉकीटॉकींचा होता. आणि आपल्या गोव्याच्या विमानतळांवर डिसेंबर २०२४ मध्ये परदेशी प्रवासी पकडले गेले ते सामानात उपग्रह-संदेशाचं छोटं यंत्र सापडलं म्हणून. ती यंत्रं वेगळ्या जातीची. पण "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथेही चाललं नाही.

अमेरिकेतला मामा हा आणखी एक पुरवठादार. येताना तो भाच्यांसाठी रंगीत जोडी आणतो. ती तिथल्या ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते. तिथे विनापरवाना, इथे विनापरवानगी. आणि इथला ४४६ चा शहाणासुरता संच घेऊन न्यू जर्सीला गेलात, तर तिथे तोच पट्टा हौशी रेडिओच्या परवानाधारकांचा. लहरींना सीमा नसतात असं भाषणात म्हणायला ठीक आहे.

"पण मला खरंच पाच वॉट हवेत" म्हणणाऱ्यांसाठी सरळ रस्ता आहे: परीक्षा द्या. हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा दूरसंचार खातं घेतं. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं पोरही बसू शकतं. थोडं विद्युतशास्त्र, थोडे नियम. पास झालात की कॉल साइन मिळते, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचे पट्टे उघडतात, आणि पाच वॉट काय, त्याहून जास्तही कायदेशीरपणे फुंकता येतात. पण इथेही एक चलाखी मी वरचेवर बघतो. ग्रुपचा एक म्होरक्या परवाना काढतो आणि त्याच्या पुण्याईवर दहा बिनपरवान्यांच्या हाती संच देतो. परवाना माणसाचा असतो, मित्रमंडळाचा नाही. आणि त्यावर धंदा करता येत नाही. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

राहता राहिला साजशृंगार. मुख्य वस्तू चुकली की माणूस ॲक्सेसरीजवर सूड उगवतो. सर्वांत आधी लांब अँटेना. ४४६ ला चौथाई लहरीची लांबी साधारण १७ सेंटिमीटर येते, १४५ ला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. त्यामुळे संचाबरोबरचं बोटाएवढं बोंडुक तोकडं पडतं, हे खरं. पण ४४६ चे मंजूर संच बहुधा अँटेना पक्की बसवूनच येतात. ती उपटून दुसरी लावली तर मंजुरीही त्याबरोबर उपटली जाते. हॅमवाल्यांनी जरूर बदलावी, फक्त नागोया एनए-७७१ च्या नावानं नकलांचा महापूर आहे, आणि यूव्ही-५आरच्या पेचाचा नर-मादी प्रकार जपानी संचांच्या बरोबर उलटा असतो, एवढं ध्यानात ठेवावं. नाकापेक्षा मोती जड झालेले संच कमरेला लावून, अँटेना सॅकच्या लोखंडी चौकटीला टेकवून हिंडणारे पाहिले की मला हसू आवरत नाही.

खर्च करायचाच तर बॅटरीवर करा. आणि तिथेच लोक काटकसर करतात! '९९९९ एमएएच' लिहिलेला सेल हा विनोद आहे. त्या आकाराचा प्रामाणिक सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा संच मिळाला तर डोळे मिटून पसंत करावा, कारण ते सेल पायथ्याच्या टपरीवर मिळतात आणि तुमचा खास चार्जर घरी राहिलेला असतो. पावसाळ्यात सह्याद्रीत जाणाऱ्यांनी आयपी-६७ बघावं. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं, जुलैतल्या भीमाशंकरपुढे त्याचा टिकाव लागत नाही. माइकच्या वायरचा खटका आधी गंजतो, म्हणून तो एखादा जादा ठेवा. कानाशी पारदर्शक गुंडाळी नळी लावून अंगरक्षक दिसण्याची हौस असेल तर लावा. ढोल-ताशांच्या मिरवणुकीत ती खरोखर उपयोगीही पडते. बाइकवर मात्र आवाजानं आपोआप चालू होणारी सोय वापरू नका. वाराच बोलत राहतो आणि सगळ्यांचं तोंड बंद होतं. बाइकसाठी हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम आहे, कायदेशीर आहे, तो घ्या.

'प्रायव्हसी कोड' हा तर खोक्यावरचा सर्वांत निर्लज्ज शब्दप्रयोग. हे कोड तुमच्या संचाला एवढंच सांगतात की इतरांचा आवाज मला ऐकवू नकोस. इतरांना तुमचा आवाज ऐकू येतोच. कोणता फ्लॅट दोन आठवडे बंद आहे, ही माहिती वॉचमनला 'प्रायव्हेट' चॅनलवर देणाऱ्या सेक्रेटरींनी ती थेट गेटवर फळा लावून लिहावी, बॅटरी तरी वाचेल.

आणि ज्याला पैसा लागत नाही ते कोणी शिकतच नाही. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं असतं, कारण पहिलं अक्षर, कधी पहिला शब्दच गिळला जातो. धबधब्याच्या वरून कोणी घाईनं "नका उतरू" म्हणतो, खाली पोचतं "उतरू". यावर पाच वॉट, लांब अँटेना, जर्मन बॅटरी, काही म्हणून उपाय नाही. निघण्यापूर्वी एकाच चॅनलवर सगळे आहेत ना हे बघा, बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणा, समोरच्यानं निरोप परत म्हणून दाखवावा असा आग्रह धरा. गाडीतल्या गाडीत होणारी ही तालीम आहे. पण गाडीत गाणी लागलेली असतात.

आणि बटण सोडलं की 'टिडिंग' वाजणारी ती रॉजर बीप तेवढी बंद करा. मेन्यूत आहे.