सेकंड हँड कार घेताय? मीटरच्या आधी आरसी बघा

'सिंगल ओनर, फक्त ४० हजार किलोमीटर.' जुन्या गाडीच्या जाहिरातीतलं हे ठरलेलं वाक्य. खरेदीदारही याच आकड्यावर भाळतो. पण मीटर मागे फिरवता येतं, सरकारी नोंद फिरवणं तितकं सोपं नाही. म्हणून तपासणी कागदांपासूनच सुरू व्हायला हवी.

आधी कागद
गाडी बघायला जाण्यापूर्वी नंबर मागून घ्यावा. 'एमपरिवहन' अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत कळते. थकीत ई-चलनही तपासावं. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

'दिल्ली पासिंग'चा मोह
दिल्लीत गाड्यांवर वयाची बंधनं आल्यापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. महाराष्ट्रात कायम वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी, नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स आलाच. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीच विरते.

मग गाडी
- इंजिन थंड असतानाच सुरू करून बघावं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते.
- मीटर कमी, पण ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंग झिजलेलं असेल तर सर्व्हिस रेकॉर्ड मागावं.
- टायरवरचे शेवटचे चार अंक वाचावेत. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.
- सीट बेल्ट पूर्ण ओढावा. टोकाशी चिखलाचे डाग म्हणजे गाडी पुरात बुडाल्याची शंका.

शेवटी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. त्याची फी इंजिनकामाच्या बिलापुढे किरकोळच.

व्यवहार कधी संपतो?
चावी मिळाली म्हणजे व्यवहार संपला, हा गैरसमज आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नाव चढायला हवं. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही. विकणाऱ्यालाही ही घाई हवी. नोंद बदललेली नसेल, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

म्हणूनच बजेट पाच लाखांचं असेल, तर गाडी साडेचार लाखांचीच बघावी. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, विमा आणि आरटीओच्या कामाला लागतात. किमतीत बसणारी गाडी बरेच जण शोधतात; परवडते ती मात्र हा सगळा खर्च धरून घेतलेली.