घमेले आमचे, नकाशा कुणाचा?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या ओट्यावर दरवर्षी एकच देखावा असतो. पुढे पेढ्यांचा पुडा घेतलेला बाप, मागे मान खाली घातलेला मुलगा. बाप विचारतो, "सर, आता याला कशाला घालू?" मी शहापूर तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो, राहायला मुरबाडला आहे. बी.एड. असल्यामुळे गावाच्या लेखी या प्रश्नाचा मी हक्काचा जाणकार.

2014 साली असाच एक बाप आला. मुलगा गणितात हुशार. त्याला पॉलिटेक्निकला जाऊन सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. बाप म्हणाला, "सर, सिमेंट-रेतीच उचलायची तर एवढी शाळा कशाला शिकवली?" आणि मी बापाची बाजू घेतली. मुलाला सांगितले, बारावी कर, मग डी.एड. कर, कुठल्या तरी उर्दू शाळेत चिकटशील. 2012 पासून राज्यातली शिक्षकभरती थांबलेली होती, हे मला ठाऊक होते. तरी मी तसे सांगितले, कारण मला स्वतःला जी वाट माहीत होती तीच मी दाखवू शकत होतो.

मुलाने माझे ऐकले. डी.एड. झाला, टीईटी दोनदा दिली, आणि शेवटी समृद्धी महामार्गाच्या कामावर एका पोट-कंत्राटदाराकडे मजुरांची हजेरी लिहायला लागला. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. रस्ता पुरा झाला तसे त्याचे कामही संपले. आता तो आसनगाव स्टेशनबाहेर रिक्षा लावतो. एकदा त्याच्याच रिक्षात बसलो तेव्हा म्हणाला, "सर, साइटवर माझ्याच वयाचा एक इंजिनिअर होता. खडी-सिमेंटचा हिशेब मी त्याच्या आधी तोंडी सांगायचो. तो विचारायचा, तू कुठून डिप्लोमा केलास?" त्याने भाडे घेतले नाही. घेतले असते तर बरे वाटले असते.

हा लेख त्या न दिलेल्या भाड्यापोटी लिहितो आहे.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे जरा पाहा. 1892 साली तानसा धरणाचे पाणी मुंबईला गेले. पुढे वैतरणा, मग भातसा. मुंबई पिते त्यातले जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे, आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मुरबाडला एमआयडीसी आली. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, तो खणलेला असताना मी किन्हवलीमार्गे रोज धूळ खात शाळा गाठली आहे. शहापूरच्या वाशाळ्यापासून इगतपुरीकडच्या पिंपरी सदरोद्दीनपर्यंत सह्याद्रीच्या पोटातून पावणेआठ किलोमीटरचे जुळे बोगदे निघाले. पिंपरी सदरोद्दीनच्या उरुसाला आमचे लोक पिढ्यान् पिढ्या घाट चढून जात आले, त्याच वाटेखालून आता मोटारी धावतात. दीडशे वर्षे आमच्या अंगणात बांधकाम चालू आहे. या दीडशे वर्षांत आपल्या वस्त्यांतून त्या कामांवर कोण गेले? सळया वाकवणारे, शटरिंग लावणारे, डंपर चालवणारे, रेती पुरवणारे. नकाशा हातात धरून उभा राहिलेला माणूस मला तरी आठवत नाही.

31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ सरळांबे येथे समृद्धीच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र खाली कोसळले. 20 माणसे गेली. बहुतेक दूरच्या राज्यांतून आलेली. सकाळी आमच्या शाळेत दुआ झाली, आणि मी वर्गात गेलो तर मुलांनी विचारले, "सर, ते पडलं कसं?" मला सांगता येईना. गर्डर म्हणजे काय हेही मी धड सांगू शकलो नाही. आपल्या गावाशेजारी वीस माणसे ज्या कारणाने मरतात ते कारण समजून घेण्याइतके ज्ञान आपल्या गावात कुणाकडे नाही. आपण फक्त मय्यत उचलायला मदत करू शकतो.

आता कुणी तरी उठून म्हणेल, आपल्या पूर्वजांनी ताजमहाल बांधला. हे वाक्य ऐकले की माझे डोके तापते. विजापूरचा गोल घुमट आमचा, मलिक अंबरची औरंगाबादची नहर आमची, बीबी का मकबरा आमचा! अहो, त्या मकबऱ्याच्या दारावर नावे कोरलेली आहेत: रचनाकार अताउल्ला, अभियंता हंसपत राय. म्हणजे त्या काळीही रचना करणारा वेगळा आणि काम उभे करून देणारा वेगळा, दोघांचीही नावे दारावर लिहिण्याजोगी, आणि त्यातला एक हिंदू. आपण फक्त घुमट लक्षात ठेवला. नहरीसाठी मलिक अंबरने डोंगरातल्या झऱ्यांपासून शहरापर्यंत उतार किती ठेवला असेल, किती माणसे, किती चुना, किती दिवस, असा विचार करणारा एक तरी मुलगा आपल्या मदरशातून, शाळेतून निघतो का? अभिमानाला पैसे पडत नाहीत, शिक्षणाला पडतात, म्हणून आपण अभिमान घेऊन ठेवला.

आणि आजचे आपले बांधकाम कसे असते? कुठल्याही गावात जा. मशिदीचा वरचा मजला सळया आभाळाकडे करून वर्षानुवर्षे उभा असतो. जमातीने चंदा केला, परदेशातल्या भावांनी पैसे पाठवले, मिस्त्रीने "होऊन जाईल" म्हटले आणि काम सुरू झाले. अंदाजपत्रक नाही, मोजमापाची वही नाही, आधी काय आणि मागून काय याचा आराखडा नाही. पैसे संपले की काम थांबते, पावसाळे जातात, सळयांना गंज चढतो. मग त्याच गंजक्या सळयांवर पुढचा ट्रस्टी पुन्हा काँक्रीट ओततो. हिशेब मागणारा माणूस फितूर ठरतो. आमच्या ओळखीच्या एका शाळेच्या नव्या खोलीला पहिल्याच वर्षी भेगा गेल्या. कारण शोधले तर निघाले असे की, स्लॅब ओतल्यावर सुट्टी लागली आणि पाणी मारायला कुणी थांबले नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओल ठेवावी लागते, हे भारतीय मानकात लिहिलेले आहे. मिस्त्रीला पाणी मारायचे ठाऊक असते. का आणि किती दिवस, हे ठाऊक असलेल्या माणसाला आपण कधी नेमलेच नाही. लोकांनी पै पै करून दिलेली अमानत अशी भेगांतून गळून जाते आणि आपण त्याला नशीब म्हणतो.

कन्स्ट्रक्शन प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे भारदस्त नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या घरच्या शादीची दावत आठवा. मांडववाला तासभर उशिरा आला तर कुणी उपाशी राहत नाही. पण बावर्ची उशिरा आला की देग उशिरा चढते, दम उशिरा बसतो, दस्तरखान उशिरा पडतो आणि वऱ्हाडाची शेवटची गाडी चुकते. कोणत्या कामाचा उशीर चालतो आणि कोणत्या कामाचा एक तास सगळ्या दिवसाला महाग पडतो, हे घरातली खाला बरोबर ओळखते. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने हेच कागदावर मांडायची रीत काढली, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. पुढच्याच वर्षी तिथल्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची तशीच रीत बसवली. आज हेच इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात. त्याच्या जोडीला मोजमाप, निविदा, कंत्राटातली कलमे, मजुरांची सुरक्षितता, पैशाचा ओघ. भोळेपणाने ज्या गोष्टींत आपण आजवर फसत आलो त्या सगळ्या गोष्टींचा हा अभ्यास आहे.

वाटही काही अदृश्य नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा, त्यावरून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पदवीनंतर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये किंवा पुण्याच्या सीओईपीमध्ये याच विषयात एम.टेक. करता येते. 1983 साली सुरू झालेली निकमार ही संस्था तर बांधकाम व्यवस्थापनासाठीच निघाली, 2022 मध्ये पुण्यात तिचे विद्यापीठ झाले. फी तिथे भारी आहे, ते खोटे सांगणार नाही. पण भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आसनगाव लोकलने दोन तासांवर आहे, आणि इंजिनिअरिंग कॉलेजे तर आता आपल्याच तालुक्यात आसनगावला आणि आटगावजवळ निघाली आहेत. समृद्धीत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना रेडी रेकनरच्या कित्येक पटींनी पैसे मिळाले. त्या पैशांतून मी गाड्या आलेल्या पाहिल्या, तीन-तीन दिवसांच्या दावती जेवलो. मीही जेवलो, नाही म्हणत नाही. त्या पैशांतून कुणाचा मुलगा कॉलेजात गेल्याचे मात्र माझ्या कानावर आलेले नाही.

"नाव बघूनच अर्ज बाजूला ठेवतात, सर." हे मी रोज ऐकतो, आणि ते खोटे आहे असे म्हणायची माझी हिंमत नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये आकडे दिले: वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी-पदविकाधारक चार टक्क्यांहून कमी, देशाची सरासरी सातच्या आसपास. 2014 मध्ये राज्यात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवला, तरी पुढे त्याचा कायदा झाला नाही. ही लढाई लढायचीच आहे. पण अर्ज बाजूला ठेवायला आधी अर्ज तर असायला हवा! आखातात तर नावाची अडचण नव्हती ना? तिथेही आपली माणसे पन्नास वर्षे शटरिंगच लावत राहिली. वीस वर्षे दुसऱ्याचे मनोरे उभारून माणूस परत येतो तेव्हा त्याच्या बॅगेत अत्तर असते, खजूर असतात, अनुभवाचा एक कागद नसतो.

आता माझ्या स्वतःच्या जमातीकडे येतो, म्हणजे आपण शिक्षक आणि लेखक. घरात आपण मराठी-कोकणी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो. माझा विद्यार्थी त्रिकोणाला मुसल्लस म्हणतो, कोनाला जाविया, समीकरणाला मुसावात, घनतेला कसाफत. शब्द सुंदर आहेत, मला प्यारे आहेत. पण पॉलिटेक्निकच्या पहिल्या महिन्यात हाच मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो, कारण त्याला येणारी गोष्टच समोर चालली आहे हे त्याला ओळखू येत नाही. दिवाळीपर्यंत तो घरी परततो. बाप म्हणतो, याच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात सगळे होते, सर! प्रत्येक संज्ञेपुढे फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायला मला दोन सेकंद लागले असते. कित्येक वर्षे मी ते लिहिले नाहीत.

आणि 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण आपली भाषा कोणती यावर बोलत आलो आहोत. मराठी की उर्दू? मातृभाषा की धर्मभाषा? चर्चा मोलाची होती, तिच्यामुळेच आज मी या पानांवर मराठीत लिहितो आहे. पण तीस-पस्तीस वर्षांत आपल्या एका तरी कथेत सिव्हिल इंजिनिअर असलेला मुसलमान नायक मला भेटला नाही. आपल्या कथेतला बाप गवंडी असतो, मुलगा शायर असतो. मधला माणूस आपल्याला सुचतच नाही.

मुलींचे तर विचारूच नका. मागच्या जूनमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने घरी सांगितले, मला सिव्हिलला जायचंय. तिला भूमितीची रचना पेन्सिल न उचलता काढता येते. बाप मशीद कमिटीत आहे. तिने त्याला काय विचारले असेल? "अब्बा, वरचा मजला पुरा करायला किती सिमेंट लागेल, ते तरी कुणी काढलंय का?" बाप माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी पेढे मागवले. दोन तास बोललो, 2014 चा मुलगाही सांगितला, रिक्षासकट. शेवटी त्यांनी फॉर्मवर सही केली, पण एका अटीवर: पोरगी शिकेल, हिशेब-नकाशाचे काम ऑफिसात बसून करेल, साइटवर उभी राहणार नाही.

ही अट मला कबूल आहे, असे त्यांना अजून तरी वाटते.