नाकापेक्षा मोती जड

गाडीची हौस आणि खिशाची खोली यांचं कधी जमलंय का, सांगा बरं?

गोष्ट २००६ ची. प्रोजेक्टसाठी मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसमध्ये होतो. पुणेकरांना या गावाचं नाव ऐकून माहीत असतं. कमिन्सचं हे माहेर. १९१९ मध्ये कंपनी इथे सुरू झाली आणि १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात आली. आपण क्रिकेटवर बोलतो तसे इथले लोक डिझेल इंजिनांवर बोलतात.

माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मित्र त्यातलाच. वडिलांची ऐंशीच्या दशकातली डॉज डब्ल्यू-१५० पिकअप त्याच्याकडे आली होती. फोर-व्हील ड्राइव्ह, ५.२ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन. पठ्ठ्याने ठोकलेल्या एका पिकअपमधून ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं कमिन्स मिळवलं. होती नव्हती ती सगळी बचत त्यात घातली. बायकोला सातवा महिना, आणि तिला दवाखान्यात न्यायला गाडी हीच!

आता जरा हिशेब बघा. जुनं व्ही-८ साधारण अडीचशे किलोचं. कमिन्स जवळजवळ पाचशे. म्हणजे तीन धष्टपुष्ट माणसं पुढच्या चाकांवर कायमची बसवल्यासारखं. इंजिन जागेवर बसलं, साखळी सैल केली आणि गाडीने लाजल्यासारखी मान खाली घातली. पुढचे पाटे सपाट. ॲक्सल वर येऊन ज्या रबरांवर आपटतो, तिथे जेमतेम बोटभर जागा उरली.

पैसे तर संपलेले. मग जुगाड! पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये दोन-दोन इंचांचे लोखंडी ठोकळे. नाक वर आलं, गाडी एकदम हिरो दिसायला लागली. 'सॉलिड!' असं म्हणणारा पहिला माणूस मी. तेही मेकॅनिकलची डिग्री खिशात असताना.

रविवारी ट्रायल म्हणून आम्ही स्टेट रोड ४६ ने ब्राऊन काउंटीकडे निघालो. कोलंबस सपाट, पण त्या बाजूला छान टेकड्या आहेत. चढावर कमिन्सने जो काही जोर दाखवला... काय सांगू! उतारावर एका वळणाआधी त्याने जोरात ब्रेक दाबला. नाक धाडकन खाली गेलं, रबरांवर आपटलं आणि गाडी डावीकडे ओढली गेली. अमेरिकेत डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. समोरचा ट्रक हॉर्न मारत आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. पुढचे पाच मैल आम्ही दोघेही गप्प.

झालं काय होतं? ब्रेक लागला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू बघतो. त्याला धरून ठेवतात पाटे. मध्ये ठोकळा घातला की पाटा आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं, आणि तेवढीच ॲक्सलला पीळ द्यायला तरफ मिळते. त्याच ॲक्सलला स्टिअरिंगचा दांडा जोडलेला, म्हणून चाकंही वळतात. मागच्या ॲक्सलला ठोकळे सर्रास चालतात. पुढे मात्र ते घालूच नयेत. आणि मुख्य म्हणजे, ठोकळ्याने उंची वाढते. वजन पेलायची ताकद तसूभरही वाढत नाही. पाटे तेच, बेअरिंग तेच, ब्रेकही तेच.

गंमत म्हणजे उत्तर गाडीच्या दारावरच होतं. ड्रायव्हरच्या दारापाशी एक स्टिकर असतो. पुढच्या ॲक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. आम्ही वाचलंच नव्हतं. खुद्द डॉजने १९८९ च्या मॉडेलपासून हे इंजिन दिलं ते २५० आणि ३५० या दणकट पिकअपमध्ये. १५० ला दिलंच नाही. कंपनी काय येडी होती?

मग भंगाराच्या यार्डात फेऱ्या सुरू. डिझेलवाल्या डब्ल्यू-२५० चा डाना ६० ॲक्सल मिळाला. त्यासोबत त्याचे जाड पाटे आणि मोठे ब्रेक. शॉक ॲब्सॉर्बर नवे घेतले, कारण पाटा वजन पेलतो, पण त्याचं उसळणं थांबवायचं काम शॉकचं. इथे आणखी एक झटका बसला. या ॲक्सलची चाकं आठ नटांची, गाडीची जुनी चाकं पाच नटांची. म्हणजे मागचा ॲक्सलही बदला! शेवटी अलाइनमेंट. या सगळ्याचं बिल इंजिनाच्या किमतीच्या वर गेलं.

वेळही गेला. त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं ते मी, माझ्या भाड्याच्या कारमधून, पहाटे तीन वाजता. पिकअप रस्त्यावर आली तेव्हा मुलगी दीड महिन्याची होती. त्याच उतारावर त्याने पुन्हा ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. तो काही बोलला नाही, फक्त स्टिअरिंगवरचे हात उचलून मला दाखवले.

आता ऑफिसमधलं कुणी मोठा फ्लॅट, मोठं पद किंवा मोठं इंजिन घेतल्याची बातमी सांगत आलं, की पेढा मी घेतोच. खाता खाता फक्त एवढंच विचारतो, 'आणि पाट्यांसाठी किती ठेवलेस?'