बर्फ गेला, तर ताट कोण वाढणार?

परवा बचत गटाच्या बैठकीत टीव्हीवरच्या पेंग्विनचा विषय निघाला. एक मैत्रीण म्हणाली, "अंटार्क्टिकातला बर्फ वितळला तर वितळला. तिथं राहतंय कोण?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना.

तिथं राहणाऱ्यांचं सगळं घर एका इवल्याशा जिवावर चालतं. त्याचं नाव क्रिल. दिसायला कोळंबीसारखा, लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर. देवमासे, सील, पेंग्विन सगळे त्याच्यावर जगतात. आणि क्रिल? गोठलेल्या समुद्राच्या बर्फाला खालून शेवाळ धरतं. हिवाळ्यात पाण्यात खायला फारसं नसतं, तेव्हा क्रिलची पिल्लं हे शेवाळ खरवडून खातात. म्हणजे आपल्याला जो नुसता बर्फ वाटतो, ती त्यांची बेगमीची कोठी आहे. समुद्र तापला, बर्फ उशिरा धरला, की कोठी रिकामी. मग पुढे सगळ्यांच्याच ताटात तूट.

बर्फ हा पाळणाही आहे. एम्परर पेंग्विनची मादी बहुतेक गोठलेल्या समुद्रावरच अंडं घालते. बाप ते पायांवर घेऊन, दोन महिने उपाशी राहून उबवतो. पिल्लांना पाणी न शिरणारी पिसं येतात ती डिसेंबर-जानेवारीत. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात त्याआधीच बर्फ फुटला. पाचपैकी चार वसाहतींतलं एकही पिल्लू बहुधा वाचलं नाही, असं उपग्रहाची छायाचित्रं पाहून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये सांगितलं. बापाची सगळी उपासमार फुकट गेली!

आता या पंगतीत माणूसही बसलाय. मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूलसाठी मोठमोठी जहाजं क्रिल पकडतात. अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि आसपासच्या समुद्रात वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. ही पकड एकाच जागी होऊ नये म्हणून विभागवार वाटणीचा नियम होता. देशांचं एकमत न झाल्यानं तो २०२४ मध्ये संपला. २०२५ मध्ये हंगाम सरायच्या आतच मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली. एकूण क्रिलच्या मानानं हा आकडा लहान, असं म्हणतात. पण पेंग्विन आणि देवमासे जिथं चरायला येतात, नेमकी तिथंच जहाजंही जातात. एकीकडे कोठी आटतेय आणि दुसरीकडे आपण तिच्यातूनच उपसा करतोय.

हे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा भारतही सभासद आहे. म्हणजे "आपल्याला काय त्याचं?" असं आपल्याला म्हणताच येणार नाही.

पुढच्या बैठकीत मी मैत्रिणीला एवढंच सांगणार आहे. दुकानात क्रिलच्या तेलाची बाटली दिसली, तर ती कुणाच्या ताटातून आली, हे आधी विचारू या. वाटणी कशी करायची, हे घर चालवणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको!